‘अचानक’ येणारे खर्च दर वर्षी त्याच महिन्यात येतात

नाशिकहून आलेलं पत्र थोडक्यात असं : वय ३३, सातपूरच्या कारखान्यात सुपरवायझर, हातात पगार ४१,०००. पत्नी एका दवाखान्यात अर्धा दिवस काम करते, तिचे ७,०००. घरात सहा वर्षांची मुलगी आणि ७१ वर्षांची आई. दोन वर्षांपूर्वी क्रेडिट कार्ड घेतलं, त्यावर आज ८६,००० थकले आहेत आणि दर महिन्याला ‘मिनिमम ड्यू’ (बिलातली किमान भरायची रक्कम) ४,३०० भरले जातात. दुचाकीचा हप्ता ३,४००, अजून ११ बाकी. कारखान्यातल्या बारा जणांची ३,००० ची भिशी, पाच हप्ते उरलेत, नंबर शेवटचा. एक विमा पॉलिसी : ५ लाखांची, २० वर्षांची, वर्षाला २६,०००, चार हप्ते भरून झाले. पतसंस्थेत दोघांच्या नावावर दीड लाखाची मुदत ठेव, व्याज १० टक्के. प्रश्न असा : ‘पगार बरा आहे, व्यसन नाही, तरी महिन्याच्या वीस तारखेला हात रिकामा. मित्र म्हणतो, शेअर बाजारातलं ऑप्शन ट्रेडिंग शिक, वरचे पैसे सुटतील. कार्डाचं पत्नीला माहीत नाही. सुरुवात कुठून करू?’

तुम्ही महिन्याचा खर्च लिहून पाठवला आहे, हे फार बरं केलंत. घरभाडं ९,५००, किराणा-दूध-भाजी १२,०००, वीज-गॅस-मोबाइल २,८००, पेट्रोल २,५००, मुलीची व्हॅन आणि क्लास २,०००, किरकोळ ४,०००. त्यात हप्ता, भिशी आणि कार्ड मिळवलं की ४३,५०० होतात. येतात ४८,०००. म्हणजे कागदावर ४,५०० उरतात. ते दिसत नाहीत, म्हणून तुम्हाला वाटतं कुठेतरी उधळपट्टी होते आहे. तसं नाही. या यादीत वर्षातून एकदाच येणारे खर्च नाहीत, आणि तुमचं सगळं गणित तिथे फसलं आहे.

पत्रात ते इकडेतिकडे सापडतात. जूनमध्ये फी, वह्या, गणवेश मिळून २८,०००. दिवाळी १८,०००. गणपतीला गावी जाणं ८,०००. लग्नकार्यातले आहेर ६,०००. आईच्या तपासण्या ६,०००. दुचाकीचा विमा आणि सर्व्हिसिंग ५,०००. हे झाले ७१,०००. वर पॉलिसीचे २६,०००. एकूण ९७,०००, म्हणजे महिन्याला ८,१०० च्या आसपास. तुमच्याकडे उरतात ४,५००. दर महिन्याला साडेतीन हजारांचा खड्डा, वर्षाला ४३,००० चा. कार्ड घेऊन दोन वर्षं झाली आणि थकबाकी ८६,००० वर आली, यात आश्चर्य काही नाही. जून, गणपती आणि दिवाळी कार्डावर साजरी झाली आहे. यातला एकही खर्च अचानक आलेला नाही.

आता कार्डाकडे. तुमच्या बिलावर व्याज महिना ३.५ टक्के लिहिलं आहे. ८६,००० वर ते ३,०१० होतं, त्यावर १८ टक्के जीएसटी ५४२. म्हणजे तुम्ही भरता त्या ४,३०० पैकी ३,५५२ व्याजातच जातात आणि मुद्दल कमी होतं ७४८ रुपयांनी. शिवाय मागची थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. आज घेतलेल्या औषधांवर आजपासूनच व्याज सुरू. ‘मिनिमम’ भरल्याने विलंब शुल्क टळतं आणि खातं थकीत दाखवलं जात नाही, एवढाच त्याचा उपयोग.

याच वेळी पतसंस्थेत तुमचे दीड लाख १० टक्क्यांवर पडून आहेत. त्यातल्या ८६,००० वर वर्षाला मिळतात ८,६००. तेवढ्याच रकमेवर कार्डाला जातात ४२,००० च्या वर. ठेव ‘मोडायची नसते’ ही भावना समजते, पण ती जपायला तुम्ही वर्षाला ३४,००० मोजत आहात. ठेव मोडा. मुदतीआधी मोडली म्हणून व्याजात एक-दोन टक्के कापतील, ते सोसा.

ठेव मोडायला दुसरंही कारण आहे. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्यासुद्धा, ठेव विमा महामंडळाचं प्रत्येक ठेवीदारामागे प्रत्येक बँकेत ५ लाखांपर्यंत संरक्षण असतं, मुद्दल आणि व्याज धरून. पतसंस्था या योजनेत येत नाहीत. त्यांच्यावर रिझर्व्ह बँकेचं नियंत्रण नसतं. त्या राज्याच्या सहकार खात्याखाली चालतात. अनेक पतसंस्था चोख आहेत, पण घरातली एकुलती एक पुंजी तिथे असू नये. अर्ज दिल्यावर ‘साहेब नाहीत, पुढच्या महिन्यात या’ असं दोनदा ऐकू आलं, तर तोंडी बोलणं थांबवा. लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि तालुक्याच्या सहायक निबंधक किंवा जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था, यांच्याकडे तक्रार करा. पैसे अडकलेच, तर कार्डाची रक्कम बँकेच्या वैयक्तिक कर्जावर वळवणं हा दुसरा रस्ता : १६ टक्क्यांनी बारा महिन्यांसाठी ८६,००० घेतले तर हप्ता ७,८०० च्या आसपास बसतो. आजच्या खर्चात तो मावणार नाही, मुदत वाढवून घ्यावी लागेल. तरी कार्डापेक्षा कितीतरी स्वस्त.

कार्ड फेडताना लोक एका ठिकाणी हमखास चुकतात. बिलावरचा आकडा भरला म्हणजे सुटलो असं समजतात. व्याज बिलाच्या तारखेपासून पैसे भरण्याच्या दिवसापर्यंत चालूच असतं, ते पुढच्या बिलात येतं. ते हजार-दीड हजार भरायचे राहतात, त्यावर विलंब शुल्क लागतं आणि क्रेडिट स्कोअरवर डाग पडतो. म्हणून ग्राहक सेवेला फोन करून ‘आज पूर्ण फेडायचे तर किती’ हा आकडा घ्या, तेवढे भरा, पुढचं बिल शून्य आल्याचं बघा आणि मग कार्ड बंद करण्याचा लेखी अर्ज द्या. थकबाकी नसेल तर सात कामकाजी दिवसांत बंद करणं बँकेवर बंधनकारक आहे. उशीर केला तर दिवसाला ५०० रुपये तिने तुम्हाला द्यायचे असतात. ‘नो ड्यूज’ पत्र मागून घ्या. दोनेक महिन्यांनी क्रेडिट अहवाल काढून खातं बंद दिसतं का ते तपासा. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही संस्थांना वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यावा लागतो.

कार्ड ठेवून मर्यादा कमी करा, असं काही जण सुचवतील. तुमच्या बाबतीत आम्ही बंदच करा म्हणू. दुचाकीचे हप्ते वेळेवर जात आहेत, क्रेडिटचा इतिहास त्यातून तयार होतोच आहे. आणि जूनपर्यंत वर्षाच्या खर्चाची सोय झाली नाही, तर रिकामं कार्ड पुन्हा भरायला एक शाळेची फी पुरते.

ठेवीतले ६४,००० उरतील. ते राखीव म्हणून सरकारी किंवा मोठ्या खासगी बँकेत ठेवा : २०,००० बचत खात्यात आणि ४४,००० मुदत ठेवीत. ठेव ४४,००० ची एक करू नका, ११,००० च्या चार करा. दहा हजारांची गरज पडली तर एकच मोडते, बाकीच्या तिघींचं व्याज शाबूत राहतं.

पॉलिसीबद्दल आता थोडं सविस्तर, कारण ‘एंडोमेंट (विमा आणि बचत एकत्र असलेली पॉलिसी) वाईट, सरेंडर करा (मुदतीआधी बंद करून मिळतील ते पैसे घ्या)’ हा सल्ला तुम्हाला कुठेही फुकट मिळेल आणि तो अर्धवट आहे. सध्याचे बोनसचे दर धरले तर अशा पॉलिसीचे २० वर्षांनी साडेनऊ लाखांच्या आसपास होतात. पहिल्या दिवसापासून मोजलं तर परतावा साडेपाच टक्के पडतो, म्हणजे साधारणच. पण तुम्ही चार वर्षं पुढे आला आहात. भरलेल्या १,०४,००० पैकी सरेंडर केल्यावर हाती साधारण निम्मे, ५२,००० येतील. ते ५२,००० आणि पुढचे १६ हप्ते पीपीएफमध्ये ७.१ टक्क्यांनी टाकले, तरी शेवटी सव्वानऊ ते साडेनऊ लाखच होतात. म्हणजे इथून पुढचा विचार केला तर सरेंडरमध्ये फायदा जवळपास नाही. नुकसान व्हायचं ते पहिल्या चार वर्षांत होऊन गेलं.

तिसरा मार्ग आहे पॉलिसी ‘पेड-अप’ करण्याचा. हप्ते थांबतात, विमा रक्कम भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात खाली येते (तुमची ५ लाखांची १ लाख होईल), त्यावर आजवर जमा झालेला बोनस कायम राहतो आणि सगळं मिळून मुदतीअखेर मिळतं. तुमच्यासाठी हेच योग्य. कारण परताव्याचं नाही, तर असं की वर्षाला २६,००० देऊन मिळणारं ५ लाखांचं संरक्षण तुमच्या घराला पुरत नाही. घराचा नेहमीचा खर्च ३३,००० आहे. ५ लाख पंधरा महिन्यांत संपतील. शाखेत जाऊन दोन्ही आकडे, सरेंडर आणि पेड-अप, लेखी मागा. मात्र नवा विमा हातात आल्याशिवाय जुना हप्ता थांबवू नका.

नवा विमा म्हणजे साधा टर्म प्लॅन (बचत नसलेला, फक्त मृत्यू झाल्यास पैसे देणारा विमा), ७५ लाखांचा, वयाच्या साठीपर्यंतचा. तुमच्या वयाला, तब्येत बरी असेल तर, वर्षाला १० ते १४ हजारांत बसावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर जीएसटीही राहिलेला नाही. ‘हप्ते परत मिळतात’ असा प्रकार घेऊ नका, त्याचा हप्ता बराच जास्त असतो. तंबाखू खात असाल, कधीमधी का असेना, तर अर्जात लिहा. पहिल्या तीन वर्षांत दावा आला तर कंपनी अर्जातली माहिती उकरून काढते आणि लपवलेली गोष्ट नेमकी तेव्हा पत्नीच्या अंगाशी येते. जोडीला बँकेतून दोघांच्याही नावाने प्रधानमंत्री जीवन ज्योती (४३६ रुपये) आणि सुरक्षा विमा (२० रुपये) सुरू करा. वर्षाला ९१२ रुपयांत दोघांनाही प्रत्येकी २ लाखांचा आयुर्विमा आणि २ लाखांचा अपघात विमा मिळतो. मेअखेर ते पैसे खात्यातून कापले जातात. त्या दिवशी शिल्लक नसेल तर विमा बंद पडतो आणि बहुतेकांना ते कळतही नाही.

एजंट म्हणेल, पॉलिसीने कर वाचतो. तुम्ही नव्या करप्रणालीत आहात. तिथे ८०सी ची (विम्याच्या हप्त्यावरची) सवलत नाही आणि १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर करही नाही. तो मुद्दा इथेच संपतो.

आता वर्षाच्या खर्चाचं खातं. पगाराच्या बँकेत नको, दुसऱ्या बँकेत उघडा. त्याला यूपीआय जोडू नका, एटीएम कार्ड कपाटात राहू द्या. ७१,००० चे खर्च, १४,००० चा टर्म प्लॅन, वर ते ९१२, म्हणजे ८६,०००, महिन्याला ७,२००. पगार ७ तारखेला होतो, तेव्हा ८ तारखेला ७,२०० आपोआप वळते होतील अशी स्थायी सूचना द्या. १ किंवा ५ तारीख घालू नका. तुमच्या दुचाकीच्या हप्त्याची तारीख ५ आहे आणि गेल्या वर्षी दोनदा हप्ता परत गेला, असं तुम्ही लिहिलं आहे. अशा वेळी फायनान्स कंपनी आणि बँक दोघंही दंड लावतात. फायनान्स कंपनीला अर्ज करून ती तारीख १० करून घ्या.

पहिल्या वर्षी हे खातं तोकडं पडेल, हे धरूनच चला. एप्रिलमध्ये सुरुवात केली तर जूनमध्ये खात्यात वीस-बावीस हजार असतील आणि फी २८,००० ची. कमी पडतील तेवढे राखीवमधून घ्या आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत परत टाका. बरेच जण इथेच ‘आपल्याला हे जमत नाही’ म्हणून सोडून देतात. खातं अर्धवट भरलेलं असताना मोठा खर्च आला, एवढंच झालेलं असतं. बारा महिन्यांचं एक चक्र पूर्ण झालं की हा प्रश्न उरत नाही. दिवाळीला १८ ऐवजी २२ हजार लागले तर पुढच्या वर्षीचा आकडा वाढवा. तो खोटा ठेवण्यात अर्थ नाही.

किरकोळ ४,००० चा हिशेब लिहीत बसू नका. तीन आठवडे लिहाल आणि वही बाजूला पडेल. यूपीआय लाइटमध्ये (यूपीआय अॅपमधलं छोट्या खर्चांचं पाकीट) दर सोमवारी १,००० भरा. चहा, नाश्ता, रिक्षा त्यातूनच. गुरुवारी संपले तर गुरुवारी संपले. फक्त त्याला पिन लागत नाही, तेव्हा फोनचं लॉक पक्कं ठेवा.

कार्डाचे ४,३०० सुटले की महिन्याला ८,८०० मोकळे होतात. त्यातून ७,२०० वर्षाच्या खात्यात, राहिले १,६००. ते राखीवमध्ये टाका. भिशी मध्येच सोडू नका, बाकीच्या अकरा जणांचे पैसे त्यात आहेत. पाच महिन्यांनी तुमचे ३६,००० येतील, तेही राखीवमध्ये. नवी भिशी लावायची का, हा तुमचा प्रश्न. शिस्त लावायला भिशीसारखं काही नाही, पण कुणी पैसे उचलून नोकरी सोडून गेला तर हातात कागद नसतो. त्याच ३,००० ची बँकेत आवर्ती ठेव लावलेली आम्हाला जास्त पटते. राखीवचं लक्ष्य चार महिन्यांचा घरखर्च, १,३२,०००. या चालीने ते साधारण अकरा महिन्यांत गाठाल, आणि नेमका तेव्हाच दुचाकीचा हप्ताही संपतो.

तिथून पुढे महिन्याला ८,००० मोकळे. त्यातले १,५०० कुटुंबाच्या स्वतंत्र आरोग्य विम्याला. कंपनीचा मेडिक्लेम नोकरीबरोबर संपतो आणि आधीच्या आजारांना नव्या पॉलिसीत तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, म्हणून सगळे धडधाकट असतानाच घ्या. आईंचं वय सत्तरच्या वर आहे. त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड मात्र आजच काढा. आधार पुरतं, उत्पन्नाची अट नाही आणि योजनेतल्या रुग्णालयांत वर्षाला ५ लाखांपर्यंतचा उपचार होतो. १,००० मुलीच्या सुकन्या समृद्धी खात्यात. दहा वर्षं पूर्ण होण्याआधी उघडावं लागतं, सध्याचा दर ८.२ टक्के, हाच दर टिकला तर १५ वर्षं भरून मुदतीअखेर साडेपाच लाखांच्या आसपास होतात. उरलेल्या ५,५०० पैकी २,००० पीपीएफमध्ये, दर महिन्याच्या ५ तारखेच्या आत, नाहीतर त्या महिन्याचं व्याज बुडतं. म्हणजे हे पैसे आधीच्या महिन्याच्या पगारातून बाजूला काढून ठेवावे लागतील. ३,५०० निफ्टी ५० इंडेक्स फंडाच्या (निफ्टीतल्या ५० कंपन्यांचे शेअर घेणारा म्युच्युअल फंड) डायरेक्ट, म्हणजे एजंटशिवायच्या, प्लॅनमध्ये. हे पैसे सात-आठ वर्षं लागणार नाहीत असेच हवेत. मार्च २०२० मध्ये निफ्टी काही आठवड्यांत एक तृतीयांशाहून जास्त घसरला होता, तसं पुन्हा होईल आणि तेव्हा हप्ता चालू ठेवावा लागेल.

ऑप्शनचं एका वाक्यात : शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात निघाले.

तीन वर्षांपूर्वी नोकरी बदलली तेव्हाचा पीएफ जुन्या कंपनीच्याच खात्यात आहे, असंही लिहिलं आहे. काढू नका, यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) वापरून पीएफच्या पोर्टलवर नव्या खात्यात वर्ग करा. वर्ग केल्यावर जुनी सेवा जोडली जाते. सलग पाच वर्षांच्या आत काढला तर तो करपात्र ठरतो. त्याच पोर्टलवर ई-नॉमिनेशन भरा. लग्नाआधी आईचं नाव दिलं असेल, तर लग्नानंतर ते नामांकन पीएफच्या नियमाने रद्द ठरतं आणि बहुतेकांचं ते तसंच राहून जातं.

राहिला पत्नीला सांगण्याचा प्रश्न. पतसंस्थेची पावती दोघांच्या नावावर आहे आणि मोडायला दोघांच्या सह्या लागतील. म्हणजे सांगणं पहिल्याच पायरीवर येतं, टाळता येणार नाही. काउंटरवर सही करताना तिला कळू देऊ नका. आदल्या रविवारी मुलगी झोपल्यावर सांगा. कार्डाची गेल्या बारा महिन्यांची बिलं काढून ठेवा आणि त्यातल्या फी, दिवाळी, गावचं भाडं यांच्यापुढे पेनाने खुणा करा. पैसे कुठे गेले हे तिला तिथेच दिसेल. त्यातले बरेच खर्च तिनेही केलेले असतील. तिला राग येईल तो कर्जापेक्षा लपवल्याचा, आणि तो रास्त आहे, त्यावर वाद घालू नका. ७,२०० चं ते नवं खातं दोघांच्या नावाने उघडा, आणि आहेर, दिवाळी, फी यांचे आकडे तिलाच ठरवू द्या. घरात ते तिला तुमच्याहून जास्त अचूक माहीत असतात.